सायकल-सल्ला : सीट, बैठक आणि तासाभरानंतरचं दुखणं

पाऊस ओसरला की रोड सायकली पुन्हा रस्त्यावर येतात, हिवाळ्यातल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेंची (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्सची) तयारी सुरू होते आणि आमच्याकडच्या पत्रांचा सूर एकच होतो: बसवत नाही. या वेळचं सदर त्यासाठीच. उत्तरं सलग वाचावीत. सीट, उंची, पुढे-मागे आणि हँडल या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एका वाचकाचं उत्तर दुसऱ्याच्या तक्रारीला लागू पडेल.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी रोड सायकल घेतली. चाळीसेक किलोमीटर झाले की बसणं अशक्य होतं. दुकानदार म्हणतात, मूळ सीट फार कडक आहे, जाड जेलची सीट घ्या किंवा निदान जेलचं कव्हर चढवा. घेऊ का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

कव्हर घेऊ नका. जाड, मऊ सीट दुकानात दाबून पाहिली की छान वाटते, पहिली दहा मिनिटंही छान जातात. त्रास नंतर सुरू होतो. सायकलवर शरीराचा भार नितंबांखालच्या दोन हाडांनी घ्यायचा असतो. ही बैठकीची हाडं भार पेलण्यासाठीच आहेत. जेल किंवा जाड फोम मऊ असल्यामुळे हाडं त्यात रुततात आणि दोन हाडांमधला भाग वर येऊन शिवणीवर दाबतो. शिवणी म्हणजे सिद्धासनात जिथे टाच टेकवतात तो भाग. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, त्या दाब सहन करत नाहीत. शिवाय मऊ पृष्ठभाग मांड्यांच्या आतल्या बाजूला प्रत्येक फेऱ्याला घासतो. म्हणून लांब पल्ल्याच्या सीट्स हाताला कडकच लागतात.

कडकपणापेक्षा रुंदी महत्त्वाची आहे आणि ती घरी मोजता येते. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्या, तो कडक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा. पातळ पँट घालून त्यावर बसा, पावलं थोडी उंचावर ठेवा, पुढे वाका आणि दोन्ही हातांनी स्टूल वर ओढल्यासारखं करून भार वाढवा. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. खडू आडवा फिरवला की ते अधिक स्पष्ट होतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. तीनदा करा, कारण पहिलं माप बहुधा चुकतं. या अंतरात २० ते ३० मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. हाडांमधलं अंतर ११५ आलं, तर १३५ ते १४५ मिलिमीटरची सीट. फार खाली वाकून चालवत असाल तर कमी बाजूचा आकडा धरा, ताठ बसत असाल तर जास्त बाजूचा. वाकल्यावर भार हाडांच्या पुढच्या, अरुंद भागावर सरकतो. बऱ्याच कंपन्या एकच मॉडेल १३० पासून १५५ पर्यंत दोन-तीन रुंदींत काढतात. आकडा बहुतेकदा सीटच्या खाली किंवा खोक्यावर असतो.

तरीही सीट आज विकत घेऊ नका. आधी पुढची दोन उत्तरं वाचून उंची आणि पुढे-मागे बसवा. चुकीच्या उंचीवर योग्य सीटही टोचते आणि मग ती नाहक बदनाम होते.

आणखी एक गोष्ट. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. त्याच्या शिलाईच्या कडा नेमक्या हाडांखाली येतात, घाम धरून ठेवतात आणि कातडी सोलवटते. नव्या सायकलस्वारांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं आमचं ठाम मत आहे. शॉर्ट्स अंगासरशी घट्ट हव्यात. पॅड हलत असेल तर ते कितीही महागाचं असो, उपयोग नाही.

प्रश्न : गुडघ्याच्या वाटीपाशी, पुढच्या बाजूला दुखतं. सीट अशी ठेवली आहे की बसल्या बसल्या दोन्ही चवडे जमिनीला टेकतात. ग्रुपमधले सांगतात सीट वर करा, घरचे म्हणतात पडशील. नेमकी उंची किती?
— एक वाचक, नाशिक

ग्रुपमधल्यांचं ऐका. पाय टेकले पाहिजेत हा नियम गावातल्या काळ्या, जड सायकलीचा. रोड सायकलवर थांबताना सीटवरून पुढे उतरून वरची नळी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहायचं असतं. ही सवय आधी रिकाम्या मैदानात करा, पडण्याची भीती तिनेच जाते. सीट बुटकी असली की पेडल वर येताना गुडघा फार दुमडतो, त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. तुमचं दुखणं या चित्रात चपखल बसतं.

उंची ठरवण्यासाठी आधी टांगेचं माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. जाड पुस्तकाचा कणा वर करून ते दोन पायांमध्ये घट्ट वर ओढा, सीटवर बसल्याइतका दाब जाणवला पाहिजे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे टांग. तिला ०.८८३ ने गुणा. टांग ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६ सेंटिमीटर. हे अंतर क्रँकच्या (पेडल ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून, सीटच्या नळीच्या रेषेत, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजायचं. हे गणित ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने ओळखलं जातं. १९८६, १९८९ आणि १९९० साली त्याने टूर द फ्रान्स जिंकली.

पण सूत्राला तुमच्या पावलाची लांबी, क्रँकची लांबी किंवा मांडीच्या मागच्या स्नायूंचा आखडलेपणा कळत नाही. म्हणून त्याला सुरुवात समजा. दुसरी पडताळणी टाचेची. सायकल दाराच्या चौकटीला टेकवा किंवा कुणाला धरायला सांगा, सीटवर सरळ बसा, पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. रोज घालायचे बूट पायात हवेत. गुडघा नुकताच सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पावलाचा पुढचा फुगीर भाग पेडलवर आणला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप मिळतो.

तिसरी पडताळणी फोनची, आणि आम्हाला तीच सर्वांत विश्वासाची वाटते. मांडीच्या वरच्या टोकाचं बाहेरून हाताला लागणारं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं हाड, या तीन ठिकाणी चिकटपट्टीचे तुकडे लावा. पेडल तळाशी ठेवून बाजूने, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरून फोटो काढा. पूर्ण सरळ पायापासून गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. ट्रेनरवर (सायकल घरात जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर) चालवताना व्हिडिओ घेतलात तर हाच कोन ३५ ते ४० च्या आसपास येतो, कारण फिरत्या पायात टाच जरा वर उचललेली असते. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका.

आता बदल. तुमची सीट कदाचित चार-पाच सेंटिमीटर खाली असेल. एकदम वर नेलीत तर स्नायू कुरकुरतील. आठवड्याला ५ ते १० मिलिमीटर पुरे, आणि शेवटचे बदल ३ मिलिमीटरचे. प्रत्येक वेळी सीटपोस्टवर (सीट धरणाऱ्या नळीवर) विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. जास्त वर गेल्याच्या खुणा स्पष्ट असतात: मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवी हेलकावताना दिसते, पेडलच्या तळाशी चवडा खाली ताणला जातो, गुडघ्याच्या मागे किंवा पोटरीच्या शिरेत दुखतं, आणि एकाच मांडीला सीट घासते. यातलं काही दिसलं की ५ मिलिमीटर खाली या.

सीटपोस्टवर कोरलेली किमान खोलीची रेषा कधीही बाहेर दिसता कामा नये, पोस्ट किंवा फ्रेम तडकते. पोस्ट कार्बनची असेल तर तिला ग्रीस लावू नका, बारीक कण असलेली कार्बन पेस्ट लावा आणि क्लँपवर छापलेल्या न्यूटन-मीटरइतकंच टॉर्क रेंचने (ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. प्रत्येक राइडला मिलिमीटरभर खाली सरकणारी पोस्ट कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्याभराने गुडघा पुन्हा दुखायला लागतो आणि मग दोष बिचाऱ्या सीटला जातो. चिकटपट्टीची खूण त्यासाठीही हवी.

क्रँक बदलला तर उंचीही बदला. १७२.५ मिलिमीटरचा काढून १६५ चा लावला, तर पाय तळाशी ७.५ मिलिमीटर कमी जातो. तेवढी सीट वर घ्या.

प्रश्न : तासाभरात पुढचा भाग बधिर होत असे, म्हणून सीटचं नाक खाली केलं. बधिरपणा कमी झाला, पण आता मनगटं दुखतात आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. जाड ग्लोव्हज घेतले, फरक नाही.
— एक वाचक, ठाणे

एकाच चुकीचा त्रास तुम्ही शिवणीवरून हातांवर ढकलला आहे. नाक फार खाली असलं की शरीर सतत पुढे घसरतं आणि घसरण थोपवायला हात खांबासारखे ताठ राहतात. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेतून अल्नर ही नस जाते. ती हँडलवर चिरडली की नेमकी याच दोन बोटांना मुंग्या येतात. ग्लोव्हजची गादी कितीही जाड घेतली तरी भार तेवढाच राहतो. (अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती वेगळी नस. मनगट मागे मुडपून धरण्याने ती दबते.)

सीट पुन्हा पातळीत आणा. सायकल सपाट फरशीवर ठेवा, फरशीची पातळी आधी तपासा. सीटवर पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक आडवं ठेवून त्यावर गवंड्याची पाणसळ किंवा फोनमधलं लेव्हल ठेवा. शून्यापासून सुरुवात करून १ ते ३ अंश नाक खाली, ही बहुतेकांची मर्यादा. आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमांतही ९ अंशांपेक्षा जास्त उतार चालत नाही, आणि तेवढा उतार फार खाली वाकणाऱ्यांसाठी. सीटच्या मागचा भाग वर वळलेला असेल तर पुस्तक खोटी पातळी दाखवतं. तेव्हा फक्त पुढच्या दोन-तृतीयांश भागावर मोजा. कोन अर्ध्या अंशाने बदलला तरी जाणवतो, हे ध्यानात असू द्या.

मग पुढे-मागे. क्रँक जमिनीला समांतर ठेवा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. दोरी पेडलच्या आसावरून किंवा किंचित मागून गेली पाहिजे. ही रीत जुनी आहे, तिच्यामागे पक्कं शास्त्र नाही, पण सीट ढोबळमानाने कुठे असावी ते ती बरोबर सांगते. खरा निवाडा तोलाच्या चाचणीने होतो. ट्रेनरवर, किंवा मोकळ्या सपाट रस्त्यावर अगदी सावधपणे, बऱ्यापैकी जोर लावून पेडल मारत असताना हात हँडलवरून दोन बोटांच्या अंतराइतके उचला. क्षणभर धड जागच्या जागी राहिलं तर सीट बरोबर. लगेच पुढे कोसळलात, तर सीट पुढे आहे. ती ५ मिलिमीटर मागे न्या आणि पुन्हा पाहा. भार हातांवरून कमरेवर आणि पायांवर येतो. सीट १० मिलिमीटर मागे गेली की पेडलपासूनचं अंतर साधारण ३ मिलिमीटरने वाढतं, म्हणून तेवढी खालीही घ्या. सीटच्या दांड्यांवर खुणा असतात, क्लँप त्यांच्या बाहेर जाऊ देऊ नका. दांडे वाकतात, कार्बनचे असतील तर मोडतात.

इतकं करूनही हात लांब पडत असतील तरच हँडलला हात लावा. सीट पुढे ओढून हँडल जवळ आणणं ही सर्रास होणारी चूक आहे. सीटची जागा पायांवरून ठरते. हात पोहोचत नसतील तर १०० मिलिमीटरच्या स्टेमऐवजी (हँडल सायकलला जोडणाऱ्या आखूड दांड्याऐवजी) ८० किंवा ९० चा लावा. हँडल फार खाली असेल तर स्टेमच्या वर ठेवलेले स्पेसर (कड्या) त्याच्या खाली आणा किंवा स्टेम उलटा करा. ६ अंशांचा स्टेम उलटला की हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येतं. जोडताना क्रम चुकवू नका: आधी वरच्या टोपीचा बोल्ट हळूहळू आवळून फोर्कमधली (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातली) हालचाल घालवा, मग स्टेम चाकाशी सरळ करून बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळा. स्टेम बाजूच्या बोल्टांनी धरला जातो. टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंग बसवण्यासाठी असतो, त्याला ताकद लावली की बेअरिंग जाम होतात.

ब्रेकच्या हुडांकडेही (हात टेकायच्या रबरी भागांकडेही) पाहा. ते खाली झुकलेले असतील तर मनगट मोडून धरावं लागतं. पुढच्या हाताची आणि तळहाताची रेषा सरळ राहील इतके ते वर घ्या.

बधिरपणाबद्दल मात्र गंभीरपणे सांगायचं आहे. तो सायकलस्वाराने सोसायचा प्रकार नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून अर्धा मिनिट चालवा, म्हणजे रक्तप्रवाह सुरळीत होतो. पातळी आणि उंची नीट करूनही त्रास राहिला तर मधे खाच असलेली किंवा आखूड नाकाची सीट वापरून पाहा. उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, किंवा लघवीला अथवा लैंगिक संवेदनेत फरक जाणवत असेल, तर चालवणं थांबवून मूत्ररोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : माझी उंची १५६ सेंटिमीटर. पुढच्या नाजूक भागाला सूज येते, आग होते. 'लेडीज सीट' म्हणून रुंद, मऊ सीट घेतली, त्रास वाढला. कुणाला विचारायलाही संकोच वाटतो.
— एक वाचक, कोल्हापूर

संकोच करू नका, हा फार जणींना होणारा त्रास आहे. 'लेडीज सीट' हे नाव विसरा. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं हे खरं, पण तुमचं किती हे पुठ्ठाच सांगेल. मऊ गादीने त्रास वाढण्याचं कारण पहिल्या उत्तरात आलं आहे.

तुमच्या उंचीला आमचा पहिला संशय हँडलच्या अंतरावर आहे. लहान चणीच्या व्यक्तीला दुकानात बरेचदा एक साइज मोठी फ्रेम मिळते. हँडल लांब पडलं की कंबर पुढे लोळते आणि भार हाडांवरून सुटून पुढच्या मऊ भागावर येतो. आखूड स्टेम लावा, ७० किंवा ८० मिलिमीटरचा, आणि हँडल वर घ्या. सायकलसोबत आलेलं हँडल ४२ सेंटिमीटर रुंद असेल आणि खांदे ३८ चे, तर हात फाकून पोहोच आणखी वाढते. खांद्यांच्या टोकांच्या हाडांमधलं अंतर मोजून तेवढंच हँडल घ्या. सीटचं नाक २ अंश खाली ठेवा.

मधली खाच असलेली सीट बऱ्याच जणींना मानवते, सर्वांना नाही. खाच अरुंद असेल तर तिच्या कडाच रुततात. म्हणून खाच रुंद आणि लांब, कडा गोलसर असलेली पाहा, आणि शक्यतो परत घेणाऱ्या दुकानातून घ्या. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवल्याशिवाय निकाल लागत नाही.

सूज एकाच बाजूला असेल तर सीटचं नाक वरच्या नळीशी सरळ रेषेत आहे का ते मागून बघा. तेही सरळ असेल तर उंची कमी करून पाहा. शॉर्ट्स राइड संपताच बदला, ओल्या पॅडवर गप्पा मारत चहा पिऊ नका. घर्षण कमी करणारी शॅमॉय क्रीम कातडीला आणि पॅडला लावा. तिथले केस ब्लेडने किंवा वॅक्सने पूर्ण काढू नका. ते घर्षणापासून वाचवतात, आणि काढल्यावर मुळांशी पुळ्या येतात. गाठ, पू किंवा ताप असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जखम भरेपर्यंत सायकलला पूर्ण सुट्टी द्या.

प्रश्न : चामड्याची ब्रूक्स सीट लांब पल्ल्याला उत्तम म्हणतात. कोकणात टिकेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

टिकेल, पण निगा जिवापाड करावी लागेल. ताणलेलं जाड चामडं काही शे किलोमीटरनंतर तुमच्या हाडांना साजेसं बसतं, हाच तिचा गुण. भिजलेल्या चामड्यावर बसलात तर ते झोळीसारखं खचतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. पावसात सीटवर प्लॅस्टिकची टोपी, भिजलीच तर सावलीत वाळवणं, मेणाचा लेप दोन्ही बाजूंनी. खालून उघडं चामडं चाकाचं पाणी पितं, म्हणून मडगार्ड हवंच. नाकाखालचा ताणाचा बोल्ट उगाच फिरवू नका. कोकणातल्या दमट हवेत बुरशीही येते. तुम्ही पावसाळाभर चालवणार असाल तर त्याच कंपनीची रबर आणि सुती कापडाची कँबियम घ्या, ती पाण्याला भीत नाही.

प्रश्न : सीट, उंची सगळं ठीक. तरी शंभर किलोमीटरनंतर मान धरते आणि सगळं अंग खिळखिळं होतं. पुढच्या महिन्यात पहिली २०० ची ब्रेव्हे आहे.
— एक वाचक, नागपूर

मानेसाठी हँडल १० ते १५ मिलिमीटर वर घ्या, कोपरं सैल ठेवा आणि चष्म्याची वरची कड नजरेच्या आड येत नाही ना ते पाहा. हेल्मेट कपाळावर घसरलेलं असलं तरी मान जास्त मागे वळवावी लागते. अतिलांब शर्यतींत मानेचे स्नायू डोकं धरायलाच नकार देतात. १९८३ च्या अमेरिका-पार शर्यतीत मायकेल शर्मर यांच्यावर ती वेळ आली आणि त्या अवस्थेला त्यांचंच नाव मिळालं. तुमच्या अंतराला ती भीती नाही, पण सुरुवात अशीच होते.

अंग खिळखिळं होण्यामागे टायरमधली हवा असावी. नागपूरच्या सिमेंटच्या रस्त्यांवर २३ किंवा २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय भरून चालवलं, तर रस्त्याच्या प्रत्येक सांध्याचा धक्का सीटमधून पाठीत शिरतो. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे टायर बसवा. सत्तर किलो वजनाला ट्यूबसह मागे साधारण ७५, पुढे ७० पीएसआयने सुरुवात करा. वेग कमी होत नाही. खड्ड्यात रिम आपटून ट्यूब फुटत असेल तर ५ वाढवा.

२०० ला साडेतेरा तास मिळतात, वेळ भरपूर आहे. ब्रेव्हेच्या आधीच्या दोन आठवड्यांत मात्र सीट, शॉर्ट्स, क्लीट (बुटाच्या तळव्याची पेडलमध्ये अडकणारी पट्टी) यांतलं काहीही नवं लावू नका.

प्रश्न : रस्त्यावर तीन तास बसवतं, पण घरातल्या ट्रेनरवर पाऊण तासात बधिर होतं. सेटिंग तेच आहे.
— एक वाचक, नवी मुंबई

रस्त्यावर सायकल तुमच्याखाली डुलते, चढाला तुम्ही उठता, सिग्नलला पाय टेकता. ट्रेनरवर ती जखडलेली असते आणि भार एकाच जागी राहतो. दर दहा मिनिटांनी एक मिनिट उभे राहा, पंखा थेट अंगावर घ्या आणि पुढचं चाक मागच्यापेक्षा खाली नाही ना ते पाणसळीने पाहा. ट्रेनरमध्ये मागचं चाक वर उचललेलं असेल तर सीटचा उतार एक-दोन अंशांनी बदलतो. पुढच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी सरकवा.